कुंतीची लागवड व निगा

भारतातील सार्वजनिक उद्यानांत, जुन्या बंगल्यांच्या आवारांत आणि शाळांच्या प्रवेशद्वारांशी जी शोभेची झुडपे लावलेली आढळतात, त्यांत कुंती हे एक फार परिचित झुडूप होय. पुष्कळांना ते नावाने ठाऊक नसते. परंतु पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी सारे झुडूप पांढऱ्या फुलांनी भरून जाते, त्यांचा गोड वास वाऱ्याबरोबर रस्त्यापर्यंत येतो आणि थोड्याच दिवसांत खाली पाकळ्यांचा सडा पडतो, तेव्हा जाणाऱ्यायेणाऱ्यांचे लक्ष त्याकडे गेल्यावाचून राहत नाही. मराठीत या झुडपास कुंती किंवा पांढरी म्हणतात. बंगाली व हिंदी भाषांत कामिनी हे नाव रूढ आहे, आणि अलीकडे महाराष्ट्रातील रोपवाटिकांत ते मधुकामिनी या नावाने विकले जाते.

कुंती लावण्यास व वाढविण्यास विशेष कौशल्य लागत नाही. तिची पाने वर्षभर हिरवी राहतात, ती कातर सोसते, आणि कुंडीपासून कुंपणापर्यंत कोठेही तिचा उपयोग होतो. मात्र ज्या प्रदेशात संत्री, मोसंबी व लिंबू यांच्या बागा आहेत, तेथे कुंतीचे कुंपण ही केवळ घरमालकाची खाजगी बाब राहत नाही. हे कुंपण केव्हा व कसे कातरले जाते यावर शेजारच्या बागाइतदाराचे काही हिताहित अवलंबून असते. यास्तव कुंतीच्या निगेचा विचार करताना तिच्यावर राहणाऱ्या एका लहानशा कीटकाचाही विचार करणे आवश्यक आहे.

झुडपाचे स्वरूप

कुंती मोकळी वाढू दिल्यास तिचा पाचसहा मीटर उंचीचा लहान वृक्ष होतो. भारत, दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग या प्रदेशांत ती रानात उगवते. आपल्याकडे सह्याद्रीच्या रानांतही ती आढळते. बागेत मात्र वारंवार छाटणी करून तिला एक ते दीड मीटर उंचीवर राखतात. साल फिकट रंगाची असून लाकूड पिवळसर, कठीण व अतिशय घट्ट कणांचे असते. हातातील काठ्या, हत्यारांच्या मुठी व कोरीव कामाच्या लहान वस्तू यांसाठी त्याचा उपयोग होत आला आहे. युरोपात अशाच घट्ट लाकडाचे व सदैव हिरव्या पानांचे बॉक्स नावाचे झुडूप कुंपणासाठी लावतात; त्यावरूनच इंग्रजीत कुंतीस चायना बॉक्स असे एक नाव पडलेले दिसते.

कुंतीचे पान संयुक्त असते. मधल्या दांड्यावर एकाआड एक अशा तीन ते सात, क्वचित नऊ पर्णिका असतात. त्या गर्द हिरव्या, गुळगुळीत व तकतकीत असतात आणि टोकाची पर्णिका बहुधा सर्वांत मोठी असते. फुले फांद्यांच्या टोकांशी झुपक्याने येतात. प्रत्येक फुलास पाच पाकळ्या व दहा पुंकेसर असतात. फुलानंतर साधारण एक सेंटिमीटर लांबीचे लंबगोल फळ धरते. ते पिकल्यावर शेंदरी-लाल होते व त्यात एक किंवा दोन बिया असतात. ही फळे बुलबुलांसारखे पक्षी आवडीने खातात, आणि कोणी न लावताही बागेच्या कोपऱ्यात कुंतीची रोपे उगवलेली दिसतात ती त्यामुळेच.

सदाहरित या शब्दाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. सदाहरित झाडाची पाने गळत नाहीत असे नव्हे. पळस किंवा पांगारा यांची पाने एका ठराविक ऋतूत जवळजवळ एकदम गळतात. कुंतीची जुनी पाने मात्र वर्षभर थोडी थोडी गळत असतात आणि नवी पालवी त्यांची जागा घेत असते. म्हणून कुंतीच्या तळाशी थोडी पिवळी पाने पडलेली दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्या दृष्टीने नव्या पालवीची ही गोष्ट महत्त्वाची आहे.

लिंबाची नातलग

कुंतीचे एक पान तोडून सूर्याकडे धरले असता त्यात असंख्य बारीक, अर्धपारदर्शक ठिपके दिसतात. या तैलग्रंथी होत. पान चुरगळले म्हणजे त्या फुटतात आणि लिंबाच्या पानाची आठवण करून देणारा उग्र वास येतो. हा वास व हे ठिपके ही रूटेसी या कुलाची खूण आहे. लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल, कवठ आणि कढीलिंब ही सारी याच कुलातील झाडे.

वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. कुंती, बेल व कागदी लिंबू यांची एकेक डहाळी आणून ती शेजारी शेजारी ठेवावी. कुंतीच्या पानास अनेक पर्णिका आहेत, बेलाच्या पानास तीन आहेत, आणि लिंबाचे पान तर साधेच दिसते. परंतु लिंबाच्या पानाचा देठ नीट पाहिला तर देठ व पाते जेथे मिळतात तेथे एक सांधा आढळतो. हा सांधा असे सुचवितो की लिंबाचे पानही मुळात संयुक्तच असून त्याची एकच पर्णिका शिल्लक राहिली आहे. बाह्यतः इतक्या निराळ्या दिसणाऱ्या तीन झाडांचे नाते विद्यार्थ्यांना अशा रीतीने डोळ्यांनी पाहता येते.

कुंतीचे शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलेटा. मुराया हे वंशनाम लिनियसने १७७१ मध्ये आपला शिष्य योहान अँड्रियास मरे (१७४०–१७९१) याच्या सन्मानार्थ योजिले. मरे हा मूळचा स्वीडनचा. पुढे तो जर्मनीतील गटिंगेन येथे प्राध्यापक झाला. बागेत लावल्या जाणाऱ्या आटोपशीर, लहान पानांच्या कुंतीस लिनियसने मुराया एक्झॉटिका म्हटले होते. पुढे दीर्घ काळ ही दोन्ही नावे एकाच जातीची मानली गेली. अलीकडे काही शास्त्रज्ञ त्या दोन जाती पुन्हा वेगळ्या मानू लागले आहेत. कढीलिंबाचीही अशीच कथा आहे. लिनियसने त्यास बर्गेरा या वंशात ठेवले होते, १८२५ मध्ये श्प्रेंगेलने त्यास मुराया वंशात आणले, आणि रेणवीय अभ्यासानंतर आता अनेक ग्रंथांत ते पुन्हा बर्गेरा वंशात गेले आहे. माळ्याच्या दृष्टीने नावांच्या या फेरबदलाचे महत्त्व फारसे नाही. नाते जवळचे आहे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

रोपे तयार करणे

कुंतीची वाढ बियांपासून व कलमांपासून अशी दोन्ही प्रकारे करतात. बियांसाठी पूर्ण लाल झालेली फळे घ्यावी, गर चोळून धुऊन टाकावा आणि बी त्याच आठवड्यात पेरावे. कुंतीचे बी साठवणीत फार दिवस टिकत नाही. सुकवून डब्यात ठेवलेले बी पुढच्या हंगामात पेरून ते उगवले नाही म्हणून निराश होणारे पुष्कळ आहेत. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून उथळ कुंडीत बी सुमारे एक सेंटिमीटर खोल घालावे आणि माती ओलसर राखावी. काही आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. रोप चारसहा पानांचे झाले की स्वतंत्र पिशवीत हलवावे. बियांपासून केलेल्या रोपांस फुले येण्यास काही वर्षे लागतात, आणि सर्व रोपे एकसारख्या वळणाची होत नाहीत. लांबलचक कुंपणात हा विजोडपणा डोळ्यांत भरतो.

एकसारखी रोपे हवी असतील तर कलमे करावी. पावसाळ्याच्या आरंभी अर्धवट पक्व, म्हणजे फार कोवळ्या नव्हेत व फार जून नव्हेत, अशा फांद्यांचे सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचे तुकडे घ्यावे. खालची पाने काढून टाकावी व तुकडे वाळूच्या वाफ्यात सावलीत लावावे. मुळे फुटण्यास वेळ लागतो आणि पुष्कळ तुकडे वाया जातात, म्हणून हवी असतील त्याहून बरीच अधिक कलमे लावावी. थोडीच झाडे हवी असल्यास गुटी कलम अधिक खात्रीचे. फांदीवरील सालीचे दोनतीन सेंटिमीटर रुंदीचे कडे काढून तेथे ओले शेवाळ बांधावे. मुळे फुटून ती शेवाळात दिसू लागली म्हणजे फांदी खालून कापून वेगळी लावावी.

बटू कुंती म्हणून लहान पानांचा एक प्रकार विकला जातो. कुंडीसाठी व वाफ्याच्या कडेसाठी तो उत्तम होय. तथापि, रोपवाटिकेत बटू म्हणून ठेवलेले प्रत्येक रोप बटूच निघते असे नाही. खरेदीच्या वेळी दोन पेरांमधील अंतर पाहावे: पेरे आखूड व पाने दाट असतील तरच रोप त्या प्रकारचे समजावे.

जमीन, पाणी व खत

कुंतीला पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन लागते. ही एक अट पाळली तर बाकीच्या बाबतींत ती फारशी चोखंदळ नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. अशा ठिकाणी खड्ड्यात मुरूम व वाळू मिसळावी, किंवा रोपे थोड्या उंच वरंब्यावर लावावी. चुनखडीच्या जमिनीत वेगळी अडचण येते. तेथे मातीत लोह असूनही ते मुळांना शोषून घेता येत नाही, आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून मधल्या भागात पिवळी पडतात. शेणखत व पालापाचोळ्याचे कंपोस्ट नियमित घातल्याने ही स्थिती बरीच सुधारते.

कुंपणासाठी दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. फुलांसाठी भरपूर ऊन हवे. अर्धसावलीत झुडूप हिरवेगार राहते, परंतु फुले कमी येतात. पहिली दोन वर्षे आठवड्यातून एकदोन वेळा आळे भरून पाणी द्यावे. पुढे मुळे खोल गेल्यावर झुडूप बरीच कोरड सोसते. रोज थोडेथोडे शिंपडण्याची पद्धत चांगली नव्हे, कारण तिने मुळे पृष्ठभागाशीच राहतात. उत्तर भारतातील सौम्य थंडी कुंतीस बाधत नाही. कडक दहिवर पडल्यास मात्र कोवळे शेंडे करपतात.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आरंभी व थंडी सरताना, प्रत्येक झाडास एकदोन घमेली कुजलेले शेणखत पुरे होते. नत्रयुक्त रासायनिक खताचा अधिक मारा केल्यास पालवी भराभर फुटते, पण ती लुसलुशीत व किडीस आमंत्रण देणारी असते.

छाटणी

कुंतीच्या निगेत सर्वांत अधिक चुका होतात त्या छाटणीत. फुले फांद्यांच्या टोकांशी येतात हे वर सांगितलेच आहे. ज्या कुंपणाची टोके दर पंधरा दिवसांनी कातरली जातात त्यावर फुले येणार कोठून? कार्यालयांच्या आवारांत सुतात धरल्यासारखी सरळ कातरलेली कुंतीची कुंपणे दिसतात. ती वर्षानुवर्षे फुलत नाहीत, आणि कुंतीला फुले येतात हे तेथील लोकांस ठाऊकही नसते.

फुलांचा एक बहर संपला की लगेच छाटावे हा सर्वसाधारण नियम होय. त्यानंतर फुटणाऱ्या पालवीस पक्व होण्यास अवसर मिळतो आणि पुढचा बहर त्याच टोकांवर येतो. कुंपणाचा वरचा भाग अरुंद व पायथा किंचित रुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते व बूड उघडे पडत नाही. म्हातारे झालेले, आतून काटक्यांनी भरलेले झुडूप पावसाळ्यापूर्वी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर तोडले तरी पुन्हा फुटते. मात्र एका वर्षी निम्म्या फांद्या व दुसऱ्या वर्षी निम्म्या तोडणे अधिक सुरक्षित होय.

कातरल्यानंतर कुंती काय करते? टोक नाहीसे होताच त्याखालील डोळ्यांवरचे दडपण दूर होते आणि दोनतीन आठवड्यांत तेथून अनेक नवे धुमारे फुटतात. या कोवळ्या धुमाऱ्यांचीच एक कीटक वाट पाहत असतो.

सायला

या कीटकास बागाइतदार सायला म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव डायाफोरिना सिट्री. प्रौढ कीटक तीनचार मिलिमीटर लांबीचा, तपकिरी ठिपक्यांच्या पंखांचा असतो. त्याची बसण्याची ढब अशी की एकदा पाहिल्यावर तो ओळखण्यात चूक होत नाही: डोके पानाला टेकलेले आणि शरीराचा मागचा भाग सुमारे ४५ अंशांत वर उचललेला. तो रूटेसी कुलातील झाडांचा रस शोषून जगतो, आणि संत्रे, लिंबू यांखेरीज कुंती ही त्याची अतिशय आवडती झाडांपैकी एक आहे. कढीलिंबावरही त्याची वाढ होते.

मादी अंडी घालते ती केवळ नुकत्या उमलू लागलेल्या पालवीत. जून पानावर ती अंडी घालीत नाही. बदामाच्या आकाराची पिवळसर अंडी कोवळ्या पानांच्या घड्यांत दडविलेली असतात, आणि एक मादी आपल्या आयुष्यात आठशेपर्यंत अंडी घालू शकते. उष्ण हवेत तीनचार दिवसांत अंड्यांतून चपटी, पिवळी पिले निघतात. पाच वेळा कात टाकून ती प्रौढ होतात. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा हा प्रवास हवेनुसार सुमारे १५ ते ४७ दिवसांचा असतो. पिले मेणासारखे पांढरे, वळलेले तंतू बाहेर टाकतात. त्यांवरून ती साध्या डोळ्यांनी ओळखता येतात.

पंजाबातील लिंबूवर्गीय बागांत या कीटकाने केलेल्या नुकसानीचा विस्तृत अभ्यास हुसेन व नाथ यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु रस शोषून घेणे हा सायलाचा खरा अपराध नव्हे हे त्या वेळी ज्ञात नव्हते. भारतात अनेक ठिकाणी संत्र्याची झाडे शेंड्याकडून वाळत जाऊन मरत असत. निकृष्ट जमीन, खतांची उणीव, पाण्याची उणीव अशी नाना कारणे त्यास देण्यात येत. ग्रीनिंग हा संसर्गजन्य रोग यामागे असावा असे प्रतिपादन १९६६ मध्ये पुढे आले, आणि लगेच १९६७ मध्ये कपूर, राव व विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी पुणे येथील संशोधनातून दाखवून दिले की भारतात ग्रीनिंगचा प्रसार सायलाच करतो. त्या काळी रोगाचे कारण विषाणू असावा अशी समजूत होती. १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगी झाडाच्या रसवाहिन्यांत जिवाणूसदृश सूक्ष्मजीव दिसले, आणि १९९४ मध्ये जनुकीय परीक्षणावरून ते निःसंशय जिवाणू ठरले.

हे जिवाणू झाडाच्या रसवाहिन्यांत राहतात. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारे मार्ग त्यामुळे तुंबतात. पानांवर पिवळे-हिरवे डाग पडतात, पण ते मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस सारखे नसतात. लोहाच्या उणिवेपेक्षा हा रोग वेगळा ओळखण्याची ही महत्त्वाची खूण आहे. फळे लहान व वाकडी होतात, खालच्या बाजूस हिरवीच राहतात आणि त्यांचा रस कडवट लागतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक महिने, कधी वर्षेही, जातात. तेवढ्या काळात ते झाड निरोगी दिसत असूनही शेजारच्या झाडांना रोग देत राहते. रोगी झाड बरे करणारा उपाय अद्याप हाती आलेला नाही.

फ्लोरिडाचा धडा

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जे घडले त्यावरून कुंतीच्या कुंपणाचे महत्त्व जगाच्या ध्यानात आले. तेथे सायला हा कीटक जून १९९८ मध्ये प्रथम सापडला. आणि तो सापडला संत्र्याच्या बागेत नव्हे, तर घराच्या आवारात लावलेल्या कुंतीवर. कुंती तेथील रोपवाटिकांत लोकप्रिय होती. विक्रीची रोपे मोटारींतून गावोगाव जात, आणि त्यांच्या पालवीत दडलेली अंडी व पिलेही त्यांच्याबरोबर जात. २००१ पर्यंत सायला राज्याच्या तीसांहून अधिक परगण्यांत पोहोचला. तोवर रोगाचे जिवाणू तेथे आढळले नव्हते, त्यामुळे धोक्याची तीव्रता अनेकांना जाणवली नाही. ऑगस्ट २००५ मध्ये ग्रीनिंग आढळला, आणि तो आढळला तेव्हा त्याच्या प्रसाराचे साधन सर्वत्र सिद्ध होते.

२००३–०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या. २०२२–२३ मध्ये ही संख्या सुमारे १ कोटी ५८ लाखांवर आली. या घसरणीत चक्रीवादळांचाही वाटा होता, विशेषतः सप्टेंबर २०२२ मधील वादळाचा. तथापि ग्रीनिंग हे तिचे प्रमुख कारण मानले जाते. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्यात २००४ मध्ये हा रोग आढळल्यावर तेथील कुंतीच्या झाडांतही ग्रीनिंगचे जिवाणू सापडले. अमेरिकेत त्यानंतर कुंतीच्या रोपांची ने-आण निर्बंधांखाली आणण्यात आली.

येथे न्याय्य विचार करणे अवश्य आहे. कुंतीत हे जिवाणू सापडतात, पण ते लिंबूवर्गीय झाडांतल्यासारखे जोमाने वाढत नाहीत. रोगाचे मुख्य भांडार म्हणजे रोगी संत्र्याचे किंवा लिंबाचे झाडच होय. कुंती करते ते एवढेच की ती रोग पसरविणाऱ्या कीटकास घर व अन्न पुरविते. आणि हे घर माणसाच्या हाताने वारंवार नवे केले जाते. संत्र्याच्या बागेत पालवी वर्षातून काही ठराविक वेळीच फुटते. विदर्भात अंबिया व मृग या बहारांच्या सुमारास ती विशेष असते. मधल्या काळात सायलाच्या मादीस अंडी घालण्यास जागा नसते. परंतु बागेजवळ महिन्याच्या महिन्यास कातरले जाणारे कुंतीचे कुंपण असेल, तर त्यावर बारा महिने कोवळी पालवी असते, आणि बागेतील पालवीच्या दोन हंगामांमधील ते रिकामे आठवडे कीटकास सुखाने काढता येतात.

कुंपणाच्या मालकाने काय करावे

मुंबई, पुणे किंवा कोलकाता यांसारख्या मोठ्या शहरांच्या मध्यभागी, जेथे जवळपास लिंबूवर्गीय बागा नाहीत, तेथे कुंती लावण्यास हरकत नाही. तेथे एकच पथ्य पाळावे: त्या झाडांची रोपे अथवा डहाळ्या संत्र्याच्या प्रदेशात नेऊ नयेत. लग्नसमारंभांत व पुष्पगुच्छांत कुंतीच्या हिरव्या डहाळ्या वापरतात. त्यांनाही हेच लागू आहे.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या तालुक्यांत, तसेच कोडगू, खासी टेकड्या किंवा पंजाबातील अबोहर यांसारख्या लिंबूवर्गीय फळांच्या प्रदेशांत बागेलगत नवी कुंती लावूच नये हे उत्तम. हिरवे कुंपण हवे असल्यास कोयनेल अथवा मेंदी लावावी. पांढऱ्या फुलांची हौस असल्यास तगर आहे. तिच्या बटू प्रकाराची पाने कुंतीइतकीच तकतकीत असतात. ही झाडे रूटेसी कुलातील नसल्याने सायला त्यांवर आपली प्रजा वाढवू शकत नाही. तगरीला कुंतीचा सुगंध नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे.

जेथे कुंती आधीच लावलेली आहे व तोडणे मालकास रुचत नाही, तेथे छाटणीची रीत बदलावी. एक भाग आज, दुसरा आठवड्याने, असे तुकड्यातुकड्यांनी न कातरता सारे कुंपण एकाच दिवशी कातरावे, आणि तेही वर्षातून दोनदाच. असे केल्याने पालवी एकदम फुटते, एकदम जून होते, आणि मधल्या दीर्घ काळात कीटकास अंडी घालण्यास जागा राहत नाही. फुलांच्या दृष्टीनेही हीच रीत हिताची आहे हे वाचकांच्या लक्षात येईलच. पालवी फुटल्यावर दर आठवड्यास ती पाहावी. पांढरे मेणाचे तंतू दिसल्यास ते शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावे. पिलांना पंख नसल्यामुळे ती उडून जाऊ शकत नाहीत, आणि पंख फुटण्यापूर्वी सुमारे दोन आठवड्यांचा अवधी मिळतो. लहान कुंपणास एवढा उपाय पुरतो. प्रादुर्भाव अधिक असल्यास निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. झुडूप फुलांवर असताना कोणतेही कीटकनाशक वापरू नये, कारण त्या वेळी मधमाश्या मोठ्या संख्येने येतात.

कुंतीवर खवले कीड, पिठ्या ढेकूण व पांढरी माशी हेही आढळतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून पाने काजळल्यासारखी दिसतात. पाण्याचा जोरदार फवारा व दाट फांद्यांची विरळणी यांनी ही कीड आटोक्यात राहते. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी पाने खाताना आढळली तर ती काळ्या पंखांच्या फुलपाखराची असण्याचा संभव आहे. तिने खाल्लेल्या दोनचार पानांनी झुडपाचे काही बिघडत नाही.

शाळेत करण्याजोगे निरीक्षण

शाळेच्या आवारात कुंती असल्यास सायलाची गणती करता येते. कोऱ्या पांढऱ्या कागदाचा ताव एका पुठ्ठ्यावर लावून तो फांदीखाली आडवा धरावा आणि फांदीवर काठीने तीनदा हलकेच आघात करावा. कागदावर पडलेले कीटक उडून जाण्यापूर्वी मोजावे. झुडपाच्या दहा वेगवेगळ्या फांद्यांवर, दर आठवड्यास एकाच वारी व एकाच वेळी हे करावे. तारीख, कीटकांची संख्या आणि कोवळी पालवी असलेल्या शेंड्यांची संख्या वहीत मांडावी. वर्षभरानंतर दोन्ही संख्यांचे आलेख एकाखाली एक काढले, म्हणजे पालवीचा चढ आणि कीटकांचा चढ यांत किती दिवसांचे अंतर पडते ते दिसून येईल. ज्या आठवड्यात कुंपण कातरले गेले असेल त्याची खूण आलेखावर करण्यास विसरू नये.

पिलांकडे भिंगातून पाहताना काही पिले हालचाल न करणारी, तपकिरी व फुगीर अशी दिसतील. ही टॅमॅरिक्झिया रेडिएटा नावाच्या एका सूक्ष्म गांधीलमाशीची करणी होय. वॉटरस्टन याने १९२२ मध्ये या माशीचे प्रथम वर्णन केले ते पंजाबातील लायलपूर येथील, म्हणजे सध्याच्या पाकिस्तानातील फैसलाबाद येथील, नमुन्यांवरून. मादी सायलाच्या पिलाखाली एकच अंडे घालते. त्यातून निघालेली अळी पिलास खाऊन त्याचे रिकामे कवच पानावर चिकटवून ठेवते. रेयुनियन बेटावर व पुढे अमेरिकेत ही माशी मुद्दाम नेऊन सोडण्यात आली. कॅलिफोर्नियात २०११ मध्ये सोडलेल्या माश्या पाकिस्तानी पंजाबातून आणल्या होत्या. अशा तपकिरी कवचावर पुढच्या बाजूस एक वाटोळे, स्वच्छ कडेचे छिद्र दिसले, तर माशी आपले काम पुरे करून त्यातून बाहेर पडली आहे असे समजावे. ज्या शेंड्यावर अशी कवचे अधिक असतील तो खुडू नये आणि त्यावर फवारणीही करू नये.